परीक्षणांचे संकेतस्थळ : वाचकाचा वेळ आणि परीक्षणाचे आयुष्य

मराठी नियतकालिकांतून ग्रंथपरीक्षणे छापण्याची परंपरा दीडशे वर्षांची आहे. १८६७ साली निघालेले 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक सत्तर वर्षे चालले आणि त्यात नव्या ग्रंथांची चिकित्सा होत राहिली. १९६२ साली वसंत दावतर यांनी सुरू केलेले 'आलोचना' तर समीक्षेलाच वाहिलेले होते. ही मासिके बंद पडून कित्येक वर्षे लोटली, तरी त्यांतील एखादे परीक्षण आज हवे असेल तर ते मिळू शकते. कारण कोणीतरी अंक बांधून ठेवले, कोणीतरी सूची केली आणि ग्रंथालयाच्या कपाटात त्या बांधीव खंडांना जागा मिळाली. याउलट आज आपल्यापैकी एखाद्याने रात्र जागून लिहिलेले परीक्षण संकेतस्थळावर प्रसिद्ध होते, आठवडाभर पहिल्या पानावर झळकते आणि पुढच्या महिन्यात कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. ते नष्ट होत नाही, पण सापडत नाही. आणि वाचकाच्या दृष्टीने या दोहोंत फारसा फरक नाही.

आमच्या वाङ्मय मंडळाचे असे एक संकेतस्थळ आहे. काही वर्षांपूर्वी ते बाहेरच्या एका व्यावसायिकाकडून तयार करून घेण्यात आले होते. गेले वर्षभर त्याच्या पुनर्रचनेचे काम आम्ही तिघांनी केले. मी मराठीची विद्यार्थिनी आहे, संगणकशास्त्राची नाही. तांत्रिक बाजू सांभाळणारे दोघे मित्र वेगळे. तथापि या कामात माझ्या असे लक्षात आले की परीक्षणांचे संकेतस्थळ सुधारण्याचा प्रश्न निम्म्याहून अधिक आपल्याच विषयाचा, म्हणजे भाषेचा आणि ग्रंथव्यवहाराचा प्रश्न आहे. म्हणून हा लेख.

प्रारंभी आम्ही एक साधा प्रयोग केला. वर्गातील पाच जणांना एकेक करून बोलावले, त्यांच्याच मोबाइलवर संकेतस्थळ उघडावयास सांगितले आणि म्हटले, 'व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकांवर येथे काय काय लिहिले गेले आहे ते शोधून दाखवा.' आम्ही काहीही न सुचविता शेजारी बसून राहिलो. वर नाना विभागांची सुंदर पट्टी होती. तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. बहुतेकांनी बोटाने पान खाली सरकवीत नेले. परीक्षणे तारखेप्रमाणे लावलेली असल्यामुळे 'बनगरवाडी'वरील लेख फार खाली होता, आणि तेथवर कोणी पोचले नाही. शोधपेटीत एकाने 'माडगुळकर' असे ऱ्हस्व उकाराने लिहिले; उत्तर आले, काही सापडले नाही. ती मुलगी शांतपणे म्हणाली, 'म्हणजे यांच्याकडे माडगूळकर नाहीतच.' तिच्या या एका वाक्यातून आमच्या पुढच्या कामाची दिशा ठरली.

दिशा ठरली, पण तत्त्व हवे होते. ते आम्हांला ग्रंथपाल मॅडमनी दिले. शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ उपयोगासाठी असतात; प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा; प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा; वाचकाचा वेळ वाचवावा; आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. 'ग्रंथ' या शब्दाच्या जागी 'परीक्षण' घालून हे नियम वाचून पाहावेत. तारखेप्रमाणे रचलेले संकेतस्थळ तिसऱ्या नियमाशी सरळ विसंगत ठरते, कारण जुन्या परीक्षणाला त्याचा वाचक मिळूच शकत नाही. चौथा नियम तर वेग, रचना आणि मांडणी या तिन्ही गोष्टींना एका सूत्रात ओवतो. पान उघडावयास लागणारा वेळ, उघडल्यावर वाचावयास लागणारा वेळ आणि हवे ते शोधावयास लागणारा वेळ हे वाचकाचे तीन खर्च आहेत. आणि तिन्ही त्याच्याच खिशातून जातात.

आधी पहिला खर्च पाहू. पान जड का होते, याविषयी आमच्या मनात भलत्याच समजुती होत्या. लेख लांब आहेत म्हणून पान सावकाश उघडते असे काहींना वाटे, आणि परीक्षणे पाचशे शब्दांत बसवा अशी सूचनाही एका बैठकीत आली होती. हिशोब केल्यावर चित्र उलटे निघाले. संगणकावर प्रचलित असलेल्या युटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. हजार शब्दांचे परीक्षण या मापाने सुमारे वीस किलोबाइटचे होते, आणि सर्व्हरवरून निघताना ते दाबून पाठविले तर पाच-सहा किलोबाइटच उरतात. आता त्याच परीक्षणासोबत पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा मोबाइलने काढलेला फोटो पाहा. तो सहज तीन मेगाबाइटचा असतो. म्हणजे संपूर्ण लेखाच्या पाचशेपट वजन एका चित्राचे! सेकंदाला दोन मेगाबिट इतक्या क्षीण संपर्कावर हे एक चित्र उतरावयास बारा सेकंद लागतात, आणि पहिल्या पानावर अशी दहा मुखपृष्ठे असली तर दोन मिनिटे.

जेकब नीलसन या अभ्यासकाने १९९३ मध्ये प्रतीक्षेच्या तीन मर्यादा सांगितल्या आहेत. एक दशांश सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर माणसाला तो तत्काळ वाटतो. एका सेकंदापर्यंत त्याच्या विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर त्याचे लक्ष उडते. गूगलने अलीकडच्या काळात घालून दिलेल्या कसोट्याही याच जातीच्या आहेत. पानावरील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, आणि बोट लावल्यावर पानाने दोनशे मिलिसेकंदांच्या आत हालचाल करावी. या दुसऱ्या कसोटीने मार्च २०२४ मध्ये आधीच्या एका मोजमापाची जागा घेतली. तिसरी कसोटी मला विशेष आवडली, कारण तिचा संबंध वाचनाच्या सुखाशी आहे. ओळ वाचीत असताना वरून एखादे चित्र उशिरा येते आणि सारा मजकूर खाली ढकलला जातो, हा अनुभव सर्वांचा आहे. चित्राची लांबी-रुंदी आधीच सांगून ठेवली तर त्याची जागा राखली जाते आणि ओळ हलत नाही.

उपाय फार अवघड नाहीत. मुखपृष्ठ पडद्यावर जेवढे दिसणार तेवढ्याच मापाचे करून ठेवावे. तीनशे ठिपके रुंदीचे चित्र तीस-चाळीस किलोबाइटांत बसते. वेबपी हा प्रकार वापरला तर आणखी पाव हिस्सा वाचतो. खालची चित्रे वाचक तेथवर गेल्यावरच आणावीत. आणि पानाच्या माथ्यावर आपोआप सरकणारी चित्रमालिका असेल तर ती काढून टाकावी. आमच्याकडे ती होती. स्नेहसंमेलनाचे पाच फोटो एकापाठोपाठ एक सरकत. ती काढण्यास मंडळात पुष्कळ विरोध झाला. 'मग संकेतस्थळ उघडेबोडके दिसेल,' असे एकाचे म्हणणे होते. दिसते खरे थोडे उघडे. पण एसटीच्या प्रवासात, खिंडीतल्या तुटक संपर्कावर, ते उघडते तरी!

फाँटाचा प्रश्न देवनागरीत रोमनहून अधिक बिकट आहे. रोमन लिपीला काही डझन आकृत्या पुरतात, तर देवनागरीला जोडाक्षरांसह शेकडो लागतात. त्यामुळे फाँटाची फाइल मोठी असते, आणि बारीक, मध्यम, ठळक, अतिठळक असे चार नमुने मागविले तर भार चौपट होतो. आम्ही मजकुरासाठी एक आणि शीर्षकासाठी एक, असे दोनच ठेवले. आणि फाँट येईपर्यंत मोबाइलमधील उपलब्ध देवनागरीत मजकूर दिसत राहील अशी व्यवस्था केली.

येथून दुसऱ्या खर्चाकडे, म्हणजे वाचण्याच्या श्रमाकडे वळतो. संकेतस्थळांचे तयार आराखडे बहुधा रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात, आणि ते मराठीला जसेच्या तसे चढविले की अंगरखा दुसऱ्याच्या मापाचा झाल्यासारखे वाटते. रोमन अक्षराच्या वर मात्रा नाही आणि खाली उकार नाही. आपल्याकडे वरच्या ओळीचा दीर्घ उकार आणि खालच्या ओळीचा रफार किंवा अनुस्वार एकमेकांवर आदळतात. म्हणून ओळींतील अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपटीहून बरेच जास्त, पावणेदोनपटीच्या आसपास ठेवावे लागते. शीर्षकाला भारदस्तपणा यावा म्हणून अक्षरांत अंतर सोडण्याची रोमन छपाईतील रीत देवनागरीत आणली की शिरोरेखाच तुटते. 'कादंबरी' हा शब्द चार तुकड्यांत वाचावा लागतो. दोन्ही कडा सरळ रेषेत आणण्याचा हट्टही मोबाइलच्या अरुंद पानावर सोडावा. मराठीतील लांब शब्द ओळीच्या शेवटी तोडण्याची आपल्याला सवय नाही, त्यामुळे शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडतात. आणखी एक बारकावा आहे. पानाची भाषा मराठी आहे असे संगणकाला स्पष्टपणे सांगितले, तर योग्य फाँटांत 'ल' आणि 'श' ही अक्षरे आपल्या मराठी वळणाने उमटतात. एरवी हिंदी वळणाची येतात. ही एका शब्दाची सूचना आहे, पण आमच्या जुन्या संकेतस्थळावर भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली होती.

रंगांविषयी फार लिहीत नाही. फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्यावर छापण्याची फॅशन वाईट आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान साडेचारास एक असावे असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तो पाळला की पुरे.

मात्र एका गोष्टीवर थांबणे आवश्यक आहे. आमच्या वर्गात एक दृष्टिहीन मित्र आहे. तो मोबाइलवरील वाचक-प्रणालीच्या साहाय्याने मजकूर ऐकतो. वाङ्मय मंडळाने जुन्या वार्षिकांतील परीक्षणे मोठ्या कौतुकाने संकेतस्थळावर चढविली होती. पण ती पानांची छायाचित्रे होती. आपल्याला ती दिसत होती. त्याच्या दृष्टीने तेथे काहीच नव्हते. 'चित्र' एवढा एकच शब्द त्याला ऐकू येई. काही परीक्षणे टंकलिखित स्वरूपात होती, पण ती छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत. त्या फाँटांत देवनागरी अक्षर हे केवळ वरचे सोंग असते, आत साठविलेली असतात रोमन चिन्हे. सोंग उतरले की 'विशाखा'च्या जागी अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उरते. ती वाचक-प्रणालीला कळत नाही आणि शोधपेटीलाही कळत नाही. अशा मजकुराचे युनिकोडात रूपांतर करणारे कार्यक्रम उपलब्ध आहेत. परंतु ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटात व्यंजनाच्या आधी येते आणि युनिकोडात नंतर, रफाराची जागाही बदलते, त्यामुळे रूपांतरानंतर प्रत्येक ओळ माणसाने तपासावीच लागते. हे काम कंटाळवाणे खरे, पण जे दिसते ते आणि जे साठविले आहे ते एकच असणे ही संकेतस्थळाच्या रचनेची पहिली अट आहे असे मी म्हणेन. सजावट त्यानंतर.

आता तिसरा खर्च, शोधण्याचा. हा भाग सर्वांत मोठा.

ग्रंथालयात एक पुस्तक एकाच फळीवर राहू शकते. दया पवार यांचे 'बलुतं' आत्मकथनांत ठेवावे की दलित साहित्यात, असा पेच ग्रंथपालापुढे पडतो आणि त्याला कोठेतरी एक बाजू घ्यावी लागते. रंगनाथन यांनी १९३३ च्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात या पेचावर उत्तर शोधले. विषयाला एकाच खणात न कोंबता त्याच्या निरनिराळ्या पैलूंची वेगवेगळी नोंद करावयाची आणि त्या जोडावयाच्या, हे ते उत्तर. छापील ग्रंथाला तरीही फळी एकच लाभते. संकेतस्थळावर मात्र एकच परीक्षण एकाच वेळी अनेक फळ्यांवर राहू शकते. 'बलुतं'वरील लेख आत्मकथनांत सापडावा, दलित साहित्यात सापडावा, १९७८ या प्रकाशनवर्षाखाली सापडावा, मुंबईच्या चित्रणाचा अभ्यास करणाऱ्यालाही सापडावा. आम्ही पैलू ठरविले ते असे : साहित्यप्रकार, लेखक, प्रथम प्रकाशनाचे वर्ष, प्रदेश आणि परीक्षणकर्ता. याहून अधिक नकोत. पूर्वी लेख चढविणारा ज्याला त्याला सुचेल ती खूण लावी. परिणामी 'कादंबरी', 'कादंबऱ्या', 'मराठी कादंबरी' आणि 'कादंबरी परीक्षण' अशा चार खुणा एकाच अर्थाच्या झाल्या होत्या आणि प्रत्येकीखाली थोडेथोडे लेख विखुरले होते. आता शब्दांची यादी ठरलेली आहे. नवा शब्द घालावयाचा तर तिघांची संमती लागते. या नियमाला काही जण हुकूमशाही म्हणतात!

लेखकांच्या नावांचा प्रश्न तर स्वतंत्र निबंधाचा विषय व्हावा. मराठी साहित्यात टोपणनावांची परंपरा इतकी समृद्ध आहे की संगणकाची मती गुंग व्हावी. 'विशाखा'चे कवी कुसुमाग्रज आणि 'नटसम्राट'चे नाटककार वि. वा. शिरवाडकर हे एकच, हे आपल्याला ठाऊक आहे, यंत्राला नाही. 'जोगवा' आरती प्रभूंचा आणि 'एक शून्य बाजीराव' चिं. त्र्यं. खानोलकरांचे. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, ग्रेस म्हणजे माणिक गोडघाटे, 'बी' म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते. 'बी' हे एकच अक्षर शोधपेटीत लिहिले तर काय निष्पन्न होईल याची कल्पना करावी. 'ललित' मासिकात ठणठणपाळ या नावाने मराठी साहित्यविश्वाची फिरकी घेणारे जयवंत दळवी कादंबरीकार म्हणून निराळ्याच खणात बसतात. ही सर्व नावे एकमेकांशी जोडली नाहीत तर काय होते? प्रथम वर्षाचा विद्यार्थी शिरवाडकर शोधतो, त्याला नाटकांवरील दोन लेख मिळतात, आणि त्यांची कविताही असून तिच्यावरही येथे लिहिले गेले आहे याचा त्याला पत्ताच लागत नाही. जुन्या ग्रंथालयांतील तालिकापत्रांवर 'पाहा' अशी नोंद असे. कुसुमाग्रज पाहा, शिरवाडकर पाहा. तीच रीत आम्ही उचलली. प्रत्येक लेखकाचे एक पान केले. त्यावर त्याची सारी नावे आहेत, आणि कोणत्याही नावाने शोधले तरी वाचक त्याच पानावर येतो. मात्र परीक्षणाच्या शीर्षात नाव तेच ठेवले जे पुस्तकावर छापलेले आहे. कवीने स्वतः निवडलेले नाव बदलण्याचा अधिकार सूचिकाराला नाही.

नावाच्या लेखनाची गंमत पुढेच आहे. पु. ल. देशपांडे यांना वाचक 'पु. ल.', 'पु.ल.', 'पु ल' आणि 'पुलं' अशा चार तऱ्हांनी शोधतो. अण्णा भाऊ साठे यांच्या नावात कोणी मध्ये जागा सोडतो, कोणी 'अण्णाभाऊ' असे जोडून लिहितो. 'बलुतं' हे पुस्तकाचे नाव, पण प्रमाण लेखनाच्या सवयीने हात 'बलुते' लिहून जातो. यांखेरीज काही भेद असे आहेत की ते डोळ्यांना दिसतच नाहीत. 'ॲरिस्टॉटल' या शब्दातील पहिल्या अक्षराला युनिकोडात २००८ पर्यंत स्वतंत्र स्थान नव्हते. 'अ'पुढे अर्धचंद्राचे चिन्ह ठेवून काम भागवीत असत. आता स्वतंत्र अक्षर आहे, पण जुने लेखन जुन्याच रीतीने साठविलेले आहे. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात आणि यंत्र त्यांना दोन निराळे शब्द समजते. 'कादंबऱ्या'तील अर्धा रही तसाच. कोणत्या कळफलकावर टंकन केले त्यानुसार तो दोन प्रकारे साठविला जातो. एका प्रकारात मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असते. म्हणून शोध घेण्यापूर्वी वाचकाचा शब्द आणि साठविलेला शब्द या दोघांनाही एका साच्यात आणावे लागते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद शोधापुरता विसरावा, बिंदू आणि मोकळ्या जागा गाळाव्यात, अदृश्य चिन्हे काढावीत. हा विसर केवळ शोधपेटीपुरता; लेखातील शुद्धलेखन जसेच्या तसे राहते, हे मराठीच्या प्राध्यापकांच्या समाधानासाठी मुद्दाम नमूद करते. हे केल्यानंतर 'माडगुळकर' लिहिले तरी माडगूळकर सापडतात.

अकारविल्हे यादी करतानाही असाच अनुभव आला. यंत्राच्या लेखी 'क्ष' म्हणजे 'क'ला जोडलेला 'ष', त्यामुळे ते क्ष ने सुरू होणारी शीर्षके 'क'च्या घरात बसविते, आणि 'ज्ञ' ला 'ज'च्या. शाळेत घोकलेल्या वर्णमालेत ही दोन अक्षरे 'ळ'नंतर शेवटी येतात. मराठी क्रम हवा असल्यास तशी आज्ञा वेगळी द्यावी लागते.

परीक्षणाच्या आतील रचनेबद्दल थोडे. प्रत्येक परीक्षणाच्या माथ्यावर पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, कितवी आवृत्ती वाचली, तिचे वर्ष आणि पृष्ठे एवढी माहिती ठरलेल्या क्रमाने आता दिली जाते. आयएसबीएन या क्रमांकावर विसंबून राहता येत नाही, कारण जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. त्याखाली दोन वाक्यांत परीक्षणाचा निष्कर्ष येतो. या दोन वाक्यांस काही लेखकांचा आक्षेप होता. निष्कर्ष आधीच सांगितला तर लेख कोण वाचील? प्रत्यक्षात ग्रंथालयाच्या दारात उभा राहून पुस्तक घ्यावे की नाही ठरविणारा वाचक एक, आणि निबंधासाठी साधने जमविणारा वाचक दुसरा. पहिल्याला दोन वाक्ये पुरतात. दुसरा लेख पूर्ण वाचतोच.

तारांकने मात्र आम्ही काढून टाकली. पाचांपैकी किती तारे, हा हिशोब मिक्सर किंवा छत्री यांसारख्या वस्तूंना कदाचित लागू पडेल. 'कोसला'ला साडेतीन तारे देण्यात कसला अर्थ आहे? शिवाय सरासरी फसवी असते. दोन मित्रांनी पाच-पाच तारे दिलेले पुस्तक चाळीस वाचकांनी मिळून चार पूर्णांक तीन दशांश दिलेल्या पुस्तकाच्या वर जाऊन बसते. त्यापेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट परीक्षकाच्या प्रामाणिकपणाची आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन ग्राहक-परीक्षणांसंबंधी आयएस १९०००:२०२२ हे मानक ऐच्छिक स्वरूपात प्रसिद्ध केले. परीक्षण लिहिणारी व्यक्ती खरी आहे याची खात्री करावी, परीक्षणे स्वीकारण्याचे आणि तपासण्याचे नियम उघड असावेत, असा त्याचा रोख आहे. ते मुख्यतः व्यापारी संकेतस्थळांसाठी असले तरी आपल्यासारख्यांनीही त्यातून घेण्याजोगे आहे. पुस्तक लेखकाकडून भेट आले असेल, किंवा लेखक परीक्षकाचे नातेवाईक अथवा शिक्षक असतील, तर ते लेखाखाली एका ओळीत लिहावे असा नियम आम्ही केला. प्राध्यापकांच्या कवितासंग्रहावरील परीक्षणांची संख्या तेव्हापासून जरा घटली आहे, हे खरे.

शेवटचा मुद्दा पत्त्याचा. प्रत्येक परीक्षणाला एक कायमचा पत्ता असावा आणि संकेतस्थळाची कितीही उलथापालथ झाली तरी तो बदलू नये. शीर्षक देवनागरीत आहे म्हणून पत्ताही देवनागरीत ठेवावा असा माझा आग्रह होता, आणि तत्त्वतः तो अजूनही आहे. व्यवहारात अडचण अशी, की तो पत्ता नकलून व्हॉट्सॲपवर पाठविला की बहुधा प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी टक्केचिन्हांसह नऊ रोमन चिन्हे येतात. 'मराठी' एवढ्या शब्दाची पंचेचाळीस होतात. अशी लांबलचक, अनाकलनीय ओळ पाहून सावध माणूस तिच्यावर बोट ठेवीत नाही. म्हणून पत्त्यात आता केवळ क्रमांक आहे. जुने पत्तेही आम्ही जिवंत ठेवले आहेत. त्यांवर गेलेला वाचक आपोआप नव्या पानावर येतो. एका माजी विद्यार्थिनीने आपल्या एम.ए.च्या प्रबंधिकेत आमच्या संकेतस्थळावरील तीन परीक्षणांचे पत्ते दिलेले आहेत. ती प्रबंधिका ग्रंथालयात बांधून ठेवलेली आहे आणि त्यातले छापील पत्ते आता कोणालाच दुरुस्त करता येणार नाहीत. ते चालू ठेवणे आमच्याकडे.

काम अजून उरले आहे. जुन्या वार्षिकांतील छायाचित्रांच्या रूपातील परीक्षणे यंत्राकडून वाचवून घेतली तर जोडाक्षरांत आणि अनुस्वारांत चुका राहतात. म्हणून एकाने मूळ पान मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर तपासावे, अशी पद्धत आम्ही ठेवली आहे. दर शनिवारी दुपारी दोन ते चार आम्ही ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसतो. आमचा तो दृष्टिहीन मित्रही येतो. तपासलेले परीक्षण तो वाचक-प्रणालीवर ऐकतो, आणि कानाला अडलेला शब्द लगेच सांगतो. टोपणनावांची वही ग्रंथपाल मॅडमच्या टेबलावर आहे. यादीत नसलेले एखादे नाव कोणाला ठाऊक असेल, तर ते पुस्तकाच्या नावासह तिच्यात लिहून ठेवावे.